चार नगरसेवक, एक हरकत अर्ज आणि आमची वाडी

३० जून २०२१ ला पुणे महापालिकेच्या हद्दीत जी २३ गावं आली त्यातल्या एका गावात मी राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे थोड्याफार फरकाने तेवीसही गावांचं आहे आणि नाव लिहिलं की लोक लगेच कुठला पक्ष, कुठला गट हेच शोधायला लागतात. मी इलेक्ट्रिकलची कामं घेतो, त्यामुळे गावठाण, वाडी, नवीन सोसायट्या सगळीकडे रोजचं येणंजाणं आहे. राजकारणात नाही, कधी उभा राहिलो नाही. मागच्या वर्षी प्रभाग रचनेवर, म्हणजे नगरसेवक निवडायच्या भागांच्या हद्दी ठरवतात त्यावर, हरकत घेतली, सुनावणीला गेलो, तेव्हा जे बघितलं आणि कळलं ते लिहितोय, कारण हे आधी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं खूप वेळा वाटलं.

आधी मागचं थोडं सांगायला लागेल. गाव महापालिकेत गेलं म्हणजे काय झालं तर ग्रामपंचायत गेली, सरपंच, उपसरपंच, सदस्य सगळे माजी झाले, दप्तर महापालिकेच्या ताब्यात गेलं. बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता. तो २०२२ च्या सुरुवातीला निवडणुकीत मिळेल असं सगळे धरून बसले होते, पण मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक काही झाली नाही आणि प्रशासक आले. मग ओबीसी आरक्षणाचा विषय, त्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभाग किती सदस्यांचा यावरून कोर्टबाजी, तारखा पुढे जात राहिल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं सांगितलं, तरी मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. म्हणजे शहरातल्या लोकांना पावणेचार वर्षं नगरसेवक नव्हता, आम्हाला साडेचार वर्षं. सरपंच काढून घेतला आणि त्या जागी कोणीच नाही, असं आमचं झालं. त्यात बांधकाम परवानगीसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि पाणी-कचरा-ड्रेनेजसाठी महापालिका, म्हणजे नवीन इमारतीला परवानगी एकाने द्यायची आणि तिथल्या माणसांना पाणी दुसऱ्याने द्यायचं. दोघांना एका ठिकाणी बसवून प्रश्न विचारेल असा निवडून आलेला माणूस स्थानिक पातळीवर नव्हताच.

प्रशासक म्हणजे नक्की काय हे पण मला आधी कळलं नव्हतं. महापालिकेचे आयुक्तच प्रशासक. मुख्य सभेचे अधिकार त्यांना, स्थायी समितीचे अधिकार पण त्यांनाच. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. अधिकारी चांगले की वाईट हा प्रश्नच नाहीये, चांगलेही होते, फोन उचलणारे होते. पण बजेटमध्ये आमच्या गावाचं काम का नाही हे विचारायची जागा कुठली? सभागृह असतं तेव्हा निदान कोणीतरी उभं राहून विचारतं आणि ते नोंदीवर येतं.

तर २२ ऑगस्ट २०२५ ला पुण्याची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली. १६५ नगरसेवक, ४१ प्रभाग, त्यातले ४० चार सदस्यांचे आणि ३८ नंबरचा एक पाच सदस्यांचा. हरकती-सूचनांसाठी मुदत ४ सप्टेंबरपर्यंत. आणि २७ ऑगस्टला गणपती. मांडव, मूर्ती, वर्गणी, गौरी, या सगळ्या धामधुमीत नकाशा बघायला कोणाला वेळ आहे. पण आमच्या मंडळाची पोरं रोज रात्री मांडवात जमायचीच, त्यामुळे उलट सोयीचं झालं. आरती झाली की मोबाईलवर नकाशा काढायचा आणि बघत बसायचं.

नकाशा बघायला सोपा नसतो हे आधी सांगतो. रेषा दिसते पण ती नेमकी कुठल्या घराच्या अलीकडून जाते हे कळत नाही. त्यासाठी नकाशाबरोबर लेखी वर्णन असतं, प्रभागाची व्याप्ती आणि मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी हद्द शब्दात लिहिलेली असते, अमुक रस्त्याने पूर्वेस अमुक नाल्यापर्यंत, तिथून नाल्याने दक्षिणेस वगैरे. ते वर्णन प्रिंट काढून आम्ही चौघे-पाचजण प्रत्यक्ष चालत गेलो. माजी सरपंच, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते पण काठी घेऊन आले. आणि चालताना कळलं की हद्द मोठ्या रस्त्याने नेलीय आणि रस्त्याच्या पलीकडची आमची वाडी शेजारच्या प्रभागात गेलीय. वाडी म्हणजे गावाचीच, आडनावं तीच, ग्रामदैवत एक. पण पाण्याची टाकी वाडीच्या बाजूला आणि शाळा, स्मशानभूमी गावठाणाच्या बाजूला. उद्या टाकीतून पाणी सोडायच्या वेळेवरून वाद झाला तर गावठाणाचे नगरसेवक वेगळे, वाडीचे वेगळे. अण्णा तिथेच रस्त्याच्या कडेला थांबले आणि म्हणाले, "अरे, ही टाकी मंजूर करून आणायला मी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवल्यात, आता मला मत द्यायचं तिकडं आणि टाकी इकडं?"

हरकत लिहायला बसलो तेव्हा खरा अभ्यास झाला. क्षेत्रीय कार्यालयात गेलो, तिथल्या एका मॅडमनी खूप नीट सांगितलं. म्हणाल्या, दादा, नुसतं "अन्याय झालाय" असं लिहू नका, नियम कुठे पाळला गेला नाही असं तुम्हाला वाटतं ते लिहा, नकाशा जोडा आणि पर्याय द्या. मग नियम काय ते बघितलं. प्रभागाची हद्द शक्यतो नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वे अशा ठळक गोष्टींवरून जावी. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वरखाली चालते. आणि जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी एका माणसाकडे दिलेला घरांचा गट, फोडायचा नाही. नंबर उत्तरेकडून सुरू होतात आणि दक्षिणेला संपतात. आम्ही लिहिलं की रस्त्याऐवजी वाडीच्या पलीकडचा नाला हद्द धरावा, नाला पण नैसर्गिक हद्दच आहे, त्यामुळे टाकी, शाळा, स्मशानभूमी आणि दोन्ही वस्त्या एका प्रभागात राहतात. हाताने काढलेला नकाशा जोडला, वाडीतल्या आणि गावठाणातल्या लोकांच्या सह्या घेतल्या. सह्या घेताना बायकांनी जास्त प्रश्न विचारले हे मुद्दाम सांगतो. पाणी कोण सोडतं, किती वाजता सोडतं हे त्यांनाच रोज बघायला लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली जी मला सगळ्यात महत्वाची वाटते. ही सगळी रचना २०११ च्या जनगणनेवर आहे कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुण्याची लोकसंख्या त्यात ३४ लाख ८१ हजार धरलीय, त्याला १६५ ने भागलं की एका नगरसेवकामागे साधारण २१ हजार, चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी ८४ हजार. कागदावर सगळे प्रभाग साधारण सारखे. पण २०११ मध्ये आमच्या वाडीच्या मागे ज्वारीचं रान होतं, आज तिथे टॉवर उभे आहेत. पेठांमधली लोकसंख्या एवढ्या वर्षांत कितीशी वाढली असेल, आणि आमच्यासारख्या कडेच्या गावांत किती वाढलीय हे मी रोज मीटर बसवताना बघतो. म्हणजे कागदावर ८४ हजार असले तरी प्रत्यक्षात आमच्या चार नगरसेवकांना कितीतरी जास्त माणसं बघायची आहेत, आणि नेमक्या याच भागात पाणी, रस्ते, ड्रेनेज काहीच पूर्ण झालेलं नाही. जिथे काम जास्त तिथे माणसामागे प्रतिनिधी कमी. हा मुद्दा आम्ही अर्जात लिहिला, त्याचा उपयोग होणार नाही हे माहीत होतं कारण जनगणना कुठली धरायची हे महापालिकेच्या हातात नाही, तरी लिहिला.

सुनावणी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बालगंधर्व रंगमंदिरात झाली. हरकती जवळपास सहा हजार आल्या होत्या. ज्या हरकती एकसारख्या होत्या, म्हणजे एकच मजकूर छापून खाली वेगवेगळ्या सह्या, त्या एकत्र ऐकल्या जात होत्या, ते बरोबरच आहे म्हणा नाहीतर महिना गेला असता. आमची वेळ आली तेव्हा अण्णांनी मलाच बोलायला लावलं. बोलायला मिळतात थोडी मिनिटं. मी नकाशा दाखवला, टाकी दाखवली, नाला दाखवला. शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रश्न आला की तुम्ही सांगताय त्या हद्दीत प्रगणक गट फुटतो का ते तपासलंय का? तपासलं होतं. फुटत होता. २०११ चा तो गट नाल्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे, तेव्हा रानच होतं ना. मी म्हणालो की गट अख्खा इकडे घेतला तरी चालेल. तर त्यात शेजारच्या प्रभागाची लोकसंख्या आणि आमच्या प्रभागाची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसते का हे बघावं लागेल, असं उत्तर मिळालं, आणि नोंद घेतली गेली.

निघायच्या आधी अण्णांना राहवलं नाही. ते म्हणाले, साहेब, हद्दीचं राहू द्या, पण चार-चार नगरसेवक कशाला, आम्हाला एकच द्या, जबाबदार माणूस एक असला की पुरे. त्यावर अगदी आदराने सांगितलं गेलं की सदस्यसंख्या कायद्याने ठरलेली आहे, इथे फक्त हद्द, वर्णन आणि नाव यावर हरकत ऐकता येते.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होतो. आम्हा नागरिकांना भाग घेता येतो तो रेषा कुठून जाणार एवढ्यापुरता. रेषेच्या आत कारभार कसा चालणार, किती लोक निवडायचे, कोण कशाला जबाबदार, हे सगळं मुंबईला विधिमंडळात ठरतं, बऱ्याचदा अध्यादेशानेच, आणि त्यावर हरकती-सूचना नसतात. पुण्याचंच बघा ना. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. पुढे एकाचा निर्णय झाला, मग २०२१ मध्ये तीनचा, आणि २०२२ मध्ये परत चारचा. आणि मुंबईला मात्र २२७ वॉर्ड, प्रत्येकी एकच नगरसेवक, कारण तिचा कायदाच वेगळा आहे, १८८८ चा. एकाच राज्यात दादरच्या माणसाला एक नगरसेवक चालतो आणि कात्रजच्या माणसाला चार-पाच लागतात याचं कारण मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. ज्याचं सरकार त्याच्या सोयीने प्रभाग, माझं तरी हेच मत झालंय.

आता दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. आमच्या गावातल्या एक ताई, ग्रामपंचायतीत सदस्य होत्या, त्यांना माझं हे म्हणणं अजिबात पटत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, एकाचा वॉर्ड असला की एका वेळेला तो महिलांसाठी राखीव निघतो, बाई पाच वर्षं राबते, पुढच्या सोडतीत वॉर्ड ओपन होतो आणि तिला घरी बसवतात. चारच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच, मग तिला तिथंच परत उभं राहता येतं." यात तथ्य आहे. १६५ पैकी ८३ जागा महिलांच्या, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभागात दोन, त्यामुळे काम केलेल्या बाईला भाग सोडून जावं लागत नाही. आणि ग्रामपंचायतीत तरी एका वॉर्डात एकच सदस्य कुठे होता, दोन-तीन असायचेच. यावर आमचं मांडवात खूप रात्रीपर्यंत बोलणं झालं. ताईंचा मुद्दा मान्य करूनही माझं म्हणणं हेच आहे की ग्रामपंचायतीत सदस्य कितीही असले तरी सरपंच एक होता आणि ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकून सभा व्हायची, कोणीही उठून विचारायचं की ह्या टाकीचं बिल किती झालं, आणि अण्णांना तिथंच उत्तर द्यायला लागायचं. कधी भांडणं व्हायची, कधी कोरम नाही म्हणून तहकूब व्हायची, पण ती जागा होती. महापालिकेत आल्यावर सरपंच गेला याच्यापेक्षा ही जागा गेली याचं नुकसान मोठं आहे असं मला आता वाटतं.

आणि हे शोधता शोधता क्षेत्रसभा सापडली. खरंच सापडली म्हणावं लागेल कारण आमच्यात कोणाला माहीतच नव्हती. महापालिका कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती करून हे घातलंय. तेव्हा केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून शहरांना पैसे हवे असतील तर लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती, त्यातून आलं. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण त्या सभेचा सदस्य, आणि नगरसेवकाने सभा घ्यायची, कामं कुठली हवीत, कुठली आधी, हे लोकांनी सांगायचं. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. शिवाय प्रभाग समितीवर सामाजिक संस्थांचे तीन प्रतिनिधी घेता येतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची सोय पण आहे, छोटी कामं असतात, फूटपाथ, बाक, दिवे अशी, पण आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे, तिच्यात पण वॉर्ड समित्या आहेतच. कायद्यात बऱ्याच गोष्टी आधीच लिहिलेल्या आहेत, आमच्यापर्यंत आलेल्या नाहीत एवढंच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंतिम प्रभाग रचना आली. आमची हद्द रस्त्यानेच राहिली. वाडी शेजारच्या प्रभागात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पोरांनी एवढी मेहनत केली होती. पण त्या पोरांना आता प्रभागाची हद्द वाचता येते, प्रगणक गट म्हणजे काय ते सांगता येतं, आणि नोव्हेंबरमध्ये आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा प्रभागातल्या चार जागा, अ, ब, क, ड, कशा पडल्या ते त्यांनी स्वतः मांडवाच्या जागी फळ्यावर लिहून लोकांना समजावलं. मतदानाच्या आधी म्हाताऱ्या माणसांना चार मतं कशी द्यायची, चारही जागांसाठी वेगळं बटण दाबायचं, कोणीच नको असेल तर नोटा दाबायचा पण दाबायचा, नाहीतर मशीन पुढे जात नाही, हे पण त्यांनीच घरोघर जाऊन सांगितलं. माझ्या आईला चारपैकी दोन उमेदवारांची नावं पण माहीत नव्हती. ती म्हणाली, "ज्यांना मी ओळखत नाही त्यांना मत का द्यायचं?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ८४ हजारांच्या प्रभागात चारही उमेदवार घरी येऊन भेटून गेले असं होणंच अवघड, आणि साध्या माणसाने पक्षाच्या पॅनलशिवाय एवढ्या मोठ्या प्रभागात उभं राहायचं म्हणजे पैसा कुठून आणायचा. माझा चार सदस्यांच्या पद्धतीला विरोध सगळ्यात जास्त यासाठी आहे. अण्णा सरपंच झाले तेव्हा त्यांच्याकडे एक जुनी एम-एटी (एम८०) दुचाकी होती आणि भावकीतली पोरं. तसा माणूस आज आमच्या प्रभागात फॉर्म सुद्धा भरणार नाही.

प्रचार चालू असताना आम्ही एक केलं. गावठाण आणि वाडी दोन्हीकडच्या उमेदवारांना, सगळ्या पक्षांच्या आणि अपक्षांना, एकच प्रश्न लेखी दिला: निवडून आल्यावर क्षेत्रसभा घेणार का, आणि चौघांपैकी कोण कुठला भाग बघणार हे जाहीर करणार का. बऱ्याच जणांनी क्षेत्रसभा म्हणजे काय असं विचारलं, आम्ही कायद्याची झेरॉक्स दिली. काहींनी तिथेच सही केली, काहींनी बघू म्हणून कागद खिशात ठेवला.

आता निकाल लागलाय, सभागृह परत आलंय. गावठाणाचे चार आणि वाडीचे चार अशा आठही नगरसेवकांच्या नावाने एकच अर्ज तयार केलाय. पहिली क्षेत्रसभा एकत्र मारुतीच्या देवळासमोर घ्यावी, हद्द मध्ये आली तरी टाकी एकच आहे म्हणून दोन्ही प्रभागांचे लोक बोलवावेत, आणि पाण्याच्या वेळा, वाडीचा रस्ता, ड्रेनेज, स्मशानभूमीचं शेड यातलं कोण काय बघणार ते नावासकट इतिवृत्तात लिहावं, अशी मागणी आहे. सह्या घेणं चालू आहे. ताईंनी वाडीची बाजू घेतलीय, मी सोसायट्यांमध्ये फिरतोय, तिथे भाडेकरू जास्त आहेत आणि त्यांची नावं मतदारयादीत इथे नाहीत, त्यांना सभेत बसता येईल का यावर परत वाद चालू आहे, अण्णा म्हणतात बसू द्या, पाणी ते पण पितात.